जेवढं पाहिलं तेवढंच

रत्नागिरीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात मी जी टेबलं सांभाळली, त्यांत स्वातंत्र्यसैनिकांचं टेबल सर्वांत कमी कागदांचं आणि सर्वांत अवघड होतं. जमिनीच्या कामात सातबारा असतो, फेरफार असतो, मोजणीचा नकाशा असतो. भांडण कितीही चिघळलं तरी पुढं ठेवायला काहीतरी असतं. या टेबलासमोर येणाऱ्या माणसाकडं बहुतेक वेळा कागदच नसायचा. असायची ती त्याची आठवण, आणि नशिबानं अजून हयात असलेला एखादा सोबती. त्या सोबत्यानं येऊन सरकारला सांगायचं, की हा माझ्याबरोबर तुरुंगात होता, मी याला ओळखतो. त्या सांगण्यावर एका म्हाताऱ्या माणसाचं निवृत्तिवेतन अवलंबून असे. पैशाइतकंच, किंबहुना पैशापेक्षा जास्त, त्याला हवं असे ते हे, की आपण तरुणपणी जे केलं ते सरकारनं एकदा खरं मानावं.

नियम आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं. १५ ऑगस्ट १९७२ रोजी, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं, केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केलं. महिना २०० रुपये, आणि तेही वार्षिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत असेल तर. १ ऑगस्ट १९८० पासून उत्पन्नाची अट गेली, रक्कम ३०० झाली आणि योजनेच्या नावात ‘सन्मान’ हा शब्द आला. किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास ही मुख्य अट होती. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांसाठी ती तीन महिन्यांची होती. पुरावा म्हणून तुरुंगाचा दाखला लागे. दाखला मिळत नसेल तर रेकॉर्ड उपलब्ध नसल्याचं सरकारी पत्र आणि त्यासोबत दोन सहबंद्यांची प्रमाणपत्रं. सहबंदीही असा हवा, ज्याचा स्वतःचा किमान एक वर्षाचा तुरुंगवास सिद्ध झालेला आहे.

तुरुंगाचा दाखला मागवण्यासाठी आम्ही पत्र पाठवत असू. उत्तर यायचं ते बहुधा एका ओळीचं: सदर कालावधीचा अभिलेख उपलब्ध नाही. जुनी दप्तरं मुदत संपल्यावर नष्ट होत, काही वाळवीनं खाल्ली, काही एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाताना हरवली. आमच्याकडं त्यात आणखी एक भर होती. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, कणकवलीकडची माणसं ज्या लढ्यात होती तो जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा लढा. १९३० चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रहसुद्धा जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातलाच. विभाजनानंतर अर्जदार एका जिल्ह्यात, त्याचा सोबती दुसऱ्या जिल्ह्यात आणि कागद तिसरीकडं, असं नेहमी व्हायचं.

अशाच एका नस्तीची ही गोष्ट आहे. अर्ज १९८१ सालचा, राजापूर तालुक्यातल्या एका कुळानं केलेला. १९४२ च्या आंदोलनात तारा तोडल्याच्या आरोपावरून सप्टेंबरात पकडले गेले, येरवड्याला नेलं, मे १९४३ मध्ये सुटले, असं अर्जात लिहिलेलं होतं. खाली अंगठा. येरवड्याहून ठरलेलं उत्तर आलं होतं. सहबंदी म्हणून एक नाव दिलेलं, पण त्यांचं प्रमाणपत्र जोडलेलं नव्हतं, म्हणून अर्ज त्रुटीत पडून राहिला होता. मी त्या टेबलावर आलो तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी अर्जदाराला पत्र टाकलं: आपले सहबंदी हयात असल्यास त्यांच्यासह कार्यालयात समक्ष हजर राहावे.

दोघं आले. सकाळची एसटी पकडून, हातखंब्याला बदलून, दुपारपर्यंत जयस्तंभाजवळच्या आमच्या कार्यालयात पोचले. सहबंदी निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. गाव त्यांना तात्या म्हणत असे आणि पुढं मीही तसंच म्हणू लागलो. खादीचा सदरा, डोक्यावर टोपी, हातात काळी छत्री. अर्जदार त्यांच्याहून दोनेक वर्षांनी मोठे असावेत, पण बसायला सांगितलं तरी तात्या बसल्याशिवाय ते बसले नाहीत. नंतर व्हरांड्यातल्या बाकावर गेले आणि आम्ही हाक मारेपर्यंत तिथंच राहिले.

तात्यांचं स्वतःचं प्रकरण केव्हाच मंजूर झालेलं होतं. त्यांच्या तुरुंगवासाचा दाखला आमच्याच दप्तरात होता: नोव्हेंबर १९४२ पासून वर्षभराहून जास्त. म्हणजे सहबंदी म्हणून ते पूर्ण पात्र. बाहेरच्या टंकलेखकाकडून मजकूर तयार करून आणलेला होता. ‘मी शपथपूर्वक लिहून देतो की, अर्जदार हे माझ्यासोबत येरवडा कारागृहात सप्टेंबर १९४२ ते मे १९४३ या कालावधीत राजकीय बंदी म्हणून होते.’ आता फक्त सही राहिली होती.

तात्यांनी चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि माझ्याकडं पेन मागितलं. सही करतील म्हणून मी शाईचा पॅड बाजूला सरकवला. त्यांनी सप्टेंबरवर एक सरळ रेघ ओढली, वर नोव्हेंबर लिहिलं. मे १९४३ वर रेघ ओढली, वर फेब्रुवारी १९४३ लिहिलं. दोन्ही खाडाखोडींशेजारी लहान सह्या केल्या आणि मग खाली मोठी सही.

मी म्हटलं, “तात्या, असं केलंत तर सहा महिने भरत नाहीत.”

“भाऊसाहेब, मला नोव्हेंबरात आत नेलं. फेब्रुवारीत नाशकाला हलवलं. मधले महिने हा माझ्या बराकीत होता. त्याच्या अलीकडचं नि पलीकडचं मी बघितलेलं नाही.”

“पण तो मे महिन्यात सुटला हे तुम्हाला ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे. त्यानंच सांगितलं म्हणून. त्याचं सांगणं तुमच्या अर्जात आहेच की. मग माझी सही कशाला हवी?”

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. सहबंद्याच्या प्रमाणपत्राचा सगळा अर्थ त्या एका वाक्यात होता. अर्जदारानं सांगितलेलंच जर सोबती पुन्हा सांगणार असेल, तर सरकारला एकच साक्ष दोनदा मिळते. दुसरा माणूस आणायचा तो त्याच्या स्वतःच्या डोळ्यांसाठी.

मी नस्ती घेऊन दोघांनाही उपजिल्हाधिकाऱ्यांकडं नेलं. साहेब समजूतदार होते, मदत करायची त्यांची इच्छा होती. त्यांनी तात्यांना विचारलं, “हा माणूस विश्वासू आहे, याची तुम्हाला खात्री आहे?”

तात्या म्हणाले, “माझ्याइतकी कोणालाच नाही.”

“मग सप्टेंबर, ऑक्टोबरचं लिहायला काय हरकत आहे?”

“साहेब, त्या दोन महिन्यांत मी बाहेर होतो. आणि बाहेर होतो तो याच्यामुळे.”

मग त्यांनी सांगितलं. तारा तोडायला गेलेल्या मंडळींत तात्याही होते, बेत त्यांचाच होता. पकडला गेला तो हा एकटा. पोलिसांनी त्याला विचारलं, मारलं, पुन्हा विचारलं. त्यानं एकही नाव घेतलं नाही. तात्या त्या दोन महिन्यांत गावोगाव पत्रकं पोचवत फिरले, आणि शेवटी पकडले गेले ते वेगळ्याच कारणानं. बराकीत भेट झाली तेव्हा तात्यांनी त्याची पाठ बघितली. “पाठ मी बघितली. ती लिहा म्हणाल तर लिहून देतो. मार कोणी दिला, कधी दिला, ते मी नाही बघितलं.”

साहेब काही वेळ बोलले नाहीत. त्या खोलीत आम्हा तिघांनाही एक गोष्ट एकाच वेळी कळली होती. पुराव्यात जी दोन महिन्यांची फट होती, ती या माणसाच्या गप्प राहण्यातूनच पडली होती. तो बोलला असता तर तात्या सप्टेंबरातच आत आले असते, आणि साक्षीदार पहिल्या दिवसापासून मिळाला असता. त्याच्या विश्वासूपणाचा सर्वांत मोठा पुरावा हाच त्याच्या अर्जातला दोष होऊन बसला होता.

अर्जदार तिथंच उभे होते. त्यांना काही सांगायचं आहे का, असं साहेबांनी विचारलं. ते एवढंच म्हणाले, “तात्यांनी लिवलंय ते बरोबर आहे.” तात्यांनी रेघ मारून त्यांचे महिने कापले होते, निवृत्तिवेतन हातचं जायची वेळ होती, आणि हा माणूस म्हणत होता की ते बरोबर आहे. एकमेकांवर भरवसा असणं म्हणजे काय, हे मी नोकरीत पुष्कळ ठिकाणी पाहिलं. इतकं स्वच्छ पुन्हा पाहिलं नाही.

जाताना तात्यांनी आप्पासाहेब पटवर्धनांचा विषय काढला. कोकणात ज्यांना कोकणचे गांधी म्हणतात ते हे आप्पासाहेब. पुढं १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम उभा केला. १९३२ च्या अखेरीला ते इथंच, रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मैला साफ करण्याचं काम आपल्याला द्यावं अशी त्यांची मागणी होती. जातीचं कारण पुढं करून तुरुंगानं ती नाकारली, तेव्हा त्यांनी आपलं अन्न कमी केलं. गांधीजी त्या वेळी येरवड्यात कैदेत होते. बातमी कळल्यावर त्यांनी तुरुंग खात्याच्या अधिकाऱ्यांना लिहिलं, दाद लागेना तेव्हा ३ डिसेंबर १९३२ रोजी स्वतः उपवास सुरू केला, आणि सरकारकडून आश्वासन आल्यावर दुसऱ्या दिवशी सोडला. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद करणारा हा माणूस त्यांच्या जवळच्या सहवासात राहिलेला, पूर्ण पारखलेला. एका कैद्यानं दुसऱ्या कैद्यासाठी अधिकाऱ्याकडं शब्द टाकण्याचं याहून मोठं उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात मला माहीत नाही.

तात्यांना ते आठवलं याचं कारण मला नंतर, टिपणी लिहिताना, उमगलं. सोबत्यासाठी दोन तऱ्हेनं बोलता येतं. एक, हा माणूस कसा आहे ते सांगायचं. दुसरं, काय घडलं ते सांगायचं. गांधीजी रत्नागिरीच्या तुरुंगात नव्हते; तिथं रोज काय चालतं याची साक्ष त्यांनी दिली नाही. माणूस खरा आहे आणि त्याची मागणी न्याय्य आहे, एवढ्यावर ते उभे राहिले, आणि त्याची किंमत स्वतःच्या अंगावर घेतली. तात्यांनीही साहेबांसमोर तेच केलं: माणसाबद्दल विचारलं तेव्हा हातचं काही राखलं नाही, घटनेबद्दल विचारलं तेव्हा डोळ्यांनी पाहिलेल्या चार महिन्यांच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. शिफारस करणारी बहुतेक माणसं या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. माणूस चांगला आहे म्हणून त्यानं सांगितलेली तारीखही बरोबर असणार, असं धरून सही करतात. त्यात वाईट हेतू नसतो, पण अधिकाऱ्याच्या हातात पडतो तो असा कागद, ज्यातलं कुठलं वाक्य कशावर टेकलंय हे त्याला कळत नाही.

पुढचं काम माझं होतं. एका बाजूच्या दोन महिन्यांसाठी आणि दुसऱ्या बाजूच्या तीन महिन्यांसाठी आधार शोधायचा होता. सुरुवातीच्या महिन्यांसाठी मी अभिलेख कक्षातले जुने रुमाल सोडायला लागलो. लाल कापडात बांधलेले गठ्ठे, गाठ सोडली की हातभर धूळ आणि कसरीचा भुगा. रुमालामागून रुमाल पाहिल्यावर शिक्षा झालेल्या लोकांची एक नोंदवही हाती लागली. नाव सरळ सापडलं नाही, कारण आडनावाच्या जागी गावाचं नाव घातलं होतं. वडिलांचं नाव, गाव, कलम आणि शिक्षा सुरू झाल्याची तारीख मात्र स्पष्ट होती. सप्टेंबर १९४२. ती नोंद मी नक्कल करून घेतली आणि नस्तीला लावली.

फेब्रुवारीनंतरच्या महिन्यांसाठी दुसरा सहबंदी हवा होता. तात्यांनी घरी जाऊन आठवून आठवून बराकीतल्या माणसांची यादी काढली आणि पोस्टानं पाठवली. प्रत्येक नावापुढं हयात, वारले, ठाऊक नाही, असा शेरा त्यांच्या शिक्षकी अक्षरात. त्यातलं एक नाव वेंगुर्ल्याकडचं निघालं. सिंधुदुर्गच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार केला. ते गृहस्थ हयात होते, त्यांचा तुरुंगवास सिद्ध झालेला होता, आणि ते मे १९४३ नंतरही येरवड्यातच होते. त्यांना हा माणूस आठवत होता. सुटला त्या दिवशी त्यानं आपलं कांबळं यांना देऊन टाकलं होतं. त्यांनी डिसेंबर ते मे असं लिहून दिलं. त्यांनीही नोव्हेंबर लिहिला नाही, कारण ते स्वतः डिसेंबरात आत आले होते.

दोन प्रमाणपत्रं आणि एक नोंद एकत्र ठेवली तेव्हा सप्टेंबर ते मे सलग उभे राहिले. जिल्हा गौरव समितीनं शिफारस केली, प्रस्ताव वर गेला. राज्याचं मानधन आधी सुरू झालं, केंद्राचं बऱ्याच पत्रव्यवहारानंतर. आदेश आला तेव्हा अर्जदार हयात होते आणि स्वतः येऊन अंगठा देऊन गेले.

मी ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो त्याला आणखी एक कारण आहे. त्याच टेबलावर उलट्या तऱ्हेचे कागदही येत. मजकूर गुळगुळीत, तारखा नेमक्या सहा महिने पूर्ण होतील अशा, आणि वेगवेगळ्या अर्जांना एकाच माणसाची सही. पाच-सहा अर्ज शेजारी ठेवले की लक्षात यायचं, की हा सहबंदी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या तुरुंगांत असल्याचं लिहून देतो आहे. अशा प्रमाणपत्रात बराक नसायची, सोबतचा दुसरा माणूस नसायचा, देऊन टाकलेलं कांबळं तर नसायचंच.

हे दुखणं एका जिल्ह्यापुरतं नव्हतं. बीड जिल्ह्यात बोगस स्वातंत्र्यसैनिकांचा प्रश्न न्यायालयात गेला, न्यायमूर्ती ए. बी. पालकर यांच्या आयोगानं प्रकरणं तपासली, आणि भाऊराव दगडू परळकर यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये स्पष्ट केलं, की फसवणुकीवर उभा असलेला लाभ टिकू शकत नाही. त्याच न्यायालयानं त्याआधी खऱ्या अर्जदारांची बाजूही तितक्याच ठामपणे घेतली होती. १९९३ मध्ये मुकुंद लाल भंडारी यांच्या प्रकरणात, अर्जाची मुदत उलटली एवढ्यावर स्वातंत्र्यसैनिकाला परत पाठवू नये, असं सांगितलं. २००१ मध्ये गुरदयाल सिंग यांच्या प्रकरणात म्हटलं, की इतक्या जुन्या गोष्टींना फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागू नका, शक्यतेच्या तराजूत तोला. काही लोकांना हे निकाल एकमेकांविरुद्ध वाटतात. मला वाटत नाहीत. पुरावा सैल ठेवायचा असेल तर साक्षीदार घट्ट असायला हवा. साक्षीदारही सैल झाला की नुकसान सरकारी तिजोरीचं होतं तेवढंच नाही. खऱ्या माणसाच्या प्रत्येक कागदाकडं पुढचा अधिकारी संशयानं बघू लागतो. मी तो संशय येताना पाहिला आहे. प्रामाणिक म्हाताऱ्या माणसांना नव्यानं आलेल्या तरुण अधिकाऱ्यासमोर “कशावरून?” या प्रश्नाला उत्तर देत उभं राहावं लागताना पाहिलं आहे, आणि त्याचा मला अजूनही राग आहे.

सोबत्याच्या शब्दाची गरज सर्वांत जास्त कोणाला होती, तर गोव्याच्या सत्याग्रहींना. १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्यापासून जी रांग लागली, तिच्यात आमच्या भागातली कितीतरी माणसं होती. गोऱ्यांना पोर्तुगीजांनी दीर्घ मुदतीची शिक्षा दिली, ते १९५७ मध्ये सुटले. त्यांची नोंद सगळीकडं आहे. पण बहुसंख्य सत्याग्रहींना पोर्तुगीज पोलीस बडव-बडव बडवायचे आणि उचलून हद्दीबाहेर टाकायचे. तुरुंग नाही, खटला नाही, म्हणून कागदही नाही. सहा महिन्यांच्या अटीत हे बसणार कसे? मोडलेलं हाड हा त्यांचा दाखला, आणि ज्यानं खांद्यावर घेऊन बांद्यापर्यंत किंवा सातार्ड्यापर्यंत आणलं तो त्यांचा साक्षीदार. गोवामुक्तीच्या या दुसऱ्या टप्प्यातल्या ज्या सत्याग्रहींना राज्याचं मानधन मिळत होतं, त्यांच्यासाठी केंद्रानं पुढं अट शिथिल केली, हे योग्य झालं. उशीर फार झाला होता.

आणि बायका. भूमिगतांना रात्री जेवण घालणाऱ्या, पत्रकं भाताच्या कणगीत लपवणाऱ्या, पोलीस आले की अंगणात उभं राहून त्यांना बोलण्यात गुंतवणाऱ्या बायकांसाठी कुठल्याच नमुन्यात रकाना नव्हता. तुरुंगात गेलेल्या बाईला तीन महिन्यांची सवलत होती. तुरुंगात न जाता सगळं केलेल्या बाईला काही नव्हतं. तात्यांनी एकदा विचारलं होतं, त्या दोन महिन्यांत ज्या घरात ते लपले त्या घरच्या आजींसाठी काही लिहून देता येईल का. नियमात बसत नव्हतं. तरीही त्यांनी एका पानाचं निवेदन लिहून दिलं, तारखांसकट, आणि म्हणाले, “मंजूर होऊ नाही तर न होऊ, दप्तरात राहू दे.” ते मी आवक नोंदवहीत क्रमांक घालून दाखल करून घेतलं.

आता ते टेबल जवळजवळ रिकामं झालं आहे. ते लढे लढलेली माणसं राहिली नाहीत, त्यांच्यासाठी सही करू शकणारेही राहिले नाहीत. पण ‘माझ्या जुन्या सोबत्यासाठी साहेबांकडं शब्द टाकशील का’ हा प्रश्न संपलेला नाही. खेड-मंडणगडकडचे निवृत्त जवान आपल्या पलटणीतल्या मित्रासाठी सैनिक कल्याण कार्यालयात येतात. १९८२ च्या संपानंतर मुंबई सोडून गावाकडं परतलेले गिरणी कामगार घराच्या अर्जासाठी एकमेकांची ओळख पटवत फिरतात. कोणाकडं गेटपास आहे, कोणाकडं पगाराची चिठ्ठी, कोणाकडं काहीच नाही. मला अजूनही कोणी ना कोणी विचारायला येतं, की काका, मजकूर कसा लिहू. मी त्यांना सांगतो, कुठल्या खात्यात, कुठल्या पाळीला, कुठल्या बराकीत तुम्ही एकत्र होता ते आधी लिहा. तुम्ही कधी आलात आणि कधी गेलात ते लिहा. त्याच्या अलीकडचं-पलीकडचं कोणाला ठाऊक असेल त्याचं नाव लिहा. आणि ‘अत्यंत प्रामाणिक, होतकरू, कर्तव्यदक्ष’ ही ओळ गाळा. ती ओळ कुठलाच अधिकारी वाचत नाही, मी तर नोकरीत एकदाही वाचली नाही.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या घरांना माझी एक विनंती आहे. माळ्यावर, देवघराच्या फळीखाली, आजोबांच्या ट्रंकेत तुरुंगातून आलेलं पोस्टकार्ड असेल, सुटकेचा कागद असेल, ताम्रपटासोबतची नस्ती असेल, सहबंद्यांच्या नावांची एखादी यादी असेल, तर घर शाकारताना किंवा पाडताना ते कागद रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांची छायाप्रत काढून ठेवा, कागदावर दिसणारी नावं आणि गावं वेगळ्या वहीत उतरवा, आणि घरातलं वडीलधारं माणूस अजून सांगू शकत असेल तर कोण कोणाबरोबर होतं ते विचारून त्याखाली लिहून ठेवा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे; तिथं किंवा राज्याच्या पुराभिलेख खात्याकडं हे कागद कुठं नीट राहतील याची चौकशी करा. निवृत्तिवेतनासाठी त्यांचा आता उपयोग नाही. पण तुमच्या आजोबांच्या ट्रंकेतल्या यादीत दुसऱ्या कोणाच्या तरी आजोबांचं नाव असू शकतं, आणि त्यांच्या घरी एकही कागद नसेल.